पाणी डाव्या हाताला

"मावशी, तुमचे पाय उलटे तर नाहीत ना?"

मी विचारलं आणि मागे हिमानीनं आणि जुईनं एकमेकींच्या स्वेटरमध्ये तोंडं खुपसली. पैज होती. विचारलंस तर माझ्या डब्यातली कोथिंबिरीची अख्खी सांबारवडी तुझी, असं हिमानी म्हणाली होती. नाही विचारलंस तर वर्षभर भित्री भागूबाई. त्या दिवसांत मी सांबारवडीसाठी वाघालाही दात घासलेस का म्हणून विचारलं असतं.

रायवंता मावशी थांबल्या. त्या आमच्या गाईड होत्या. नऊवारीवर खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात बांबूची काठी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. माझ्याकडे त्यांनी नीट पाहिलं. मग काठी झाडाला टेकवली, दगडावर बसल्या, सावकाश नाड्या सोडल्या आणि दोन्ही पाय आमच्यापुढे लांब केले.

"मोज."

"अं?"

"मोज ना बाई. दहाच्या दहा बोटं समोर आहेत का नाही?"

मी खरंच मोजली. "आहेत."

"आता तुमचे दाखवा. तिघींचे. माझ्या जंगलात उलट्या पायाचं मी काहीच येऊ देत नाही."

अख्खा वर्ग हसला. पुढून भुरे सर ओरडले, "ऋजुता कापगते! काय गोंधळ आहे?" आणि मी म्हणाले, "सर, विज्ञानाचा प्रयोग!" आणखी हशा. त्या वर्षी मी अशीच होते. सातवीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. आठवीत, पंधरा ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेत काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले ते थांबलेच नाही. पहिला नंबर आला. मग कुठलाही प्रश्न असो, कुणाच्याही वतीनं असो, विचारायला मी पुढे. आता मी दहावीत आहे आणि थोडी शहाणी झालेय, पण ती आठवीतली ऋजुता आठवली की मला तिचं हसूही येतं आणि थोडी भीतीही वाटते. कारण ती ऋजुता फक्त घराबाहेर होती.

पायांचा प्रश्न आम्हाला उगाच सुचला नव्हता.

भंडाऱ्याहून दीड तास बसनं गेलं की बोदलबांध लागतं. एका बाजूला गाव, गावाला लागून मातीची लांब पाळ, आणि पाळीनं अडवलेला हा एवढा मोठा तलाव. बाकी तिन्ही बाजूंनी जंगल. तलावाला पूर्ण वळसा घालणारी सात किलोमीटरची पायवाट आहे. फार अवघड नाही, फार सोपीही नाही. सुरुवातीला एक पिवळी पाटी आहे आणि पाटीवर मोठा बाण. त्या बाणानं गेलं की पाणी कायम आपल्या उजव्या हाताला राहतं, देवळात प्रदक्षिणा घालताना देव राहतो तसं.

रायवंता मावशी बाणाच्या बरोबर उलट्या निघाल्या.

"मावशी, बाण तिकडे आहे," भुरे सर म्हणाले.

"बाणाचा बाण जाईन, सर. दोन्हीकडून सातच किलोमीटर आहे."

त्या वाटेनं आधी गावाची मसणवट लागली. काळे पडलेले दगड, अर्धवट जळालेलं एक लाकूड. आमच्यातल्या निम्म्या मुली श्वास रोखून चालल्या. त्यानंतर सांडवा. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी इथून खाली पडतं, असं सरांनी सांगितलं. डिसेंबरात तिथं फक्त कोरडी खडकाळ उतरण होती आणि तिच्यावर सिमेंटचा नवा, छोटा पूल. पलीकडच्या काठावर सीताफळाची दहा-बारा झाडं. मावशी पुलाच्या मधोमध उभ्या राहिल्या, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्या झाडांकडे बघून जोरात म्हणाल्या, "आलो वंऽऽ!"

तिकडे कुणीच नव्हतं.

उलटी वाट, मसणवट, आणि वर कुणीच नसताना मारलेली हाक. आठवीच्या मुलींना आणखी काय लागतं?

पायात बूट घालून त्या पुन्हा चालू लागल्या. माझी सांबारवडी पक्की झाली होती. मी रुबाबात चालत होते, पण टाच दुखायला लागली होती, कारण माझ्या पायातले बूट माझे नव्हते. ते शलाकाताईचे होते.

शलाकाताई माझी सख्खी बहीण, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिनं सहलीच्या दीड वर्ष आधी गोंदियाला, ती काम करायची त्याच दवाखान्यातल्या एका मुलाशी नोंदणी लग्न केलं. जात वेगळी होती. बातमी कळली त्या संध्याकाळी बाबा मागच्या अंगणात गेले, नळाखाली बादली भरली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तिच्या नावानं डोक्यावर ओतून घेतली. मेलेल्या माणसाच्या नावानं आंघोळ करतात तशी. आई दारात उभी होती. नंतर तिनं मुकाट्यानं त्यांना कोरडा टॉवेल दिला. त्या रात्रीपासून आमच्याकडे तीनच ताटं मांडली जात आणि ताईचं नाव कुणी घेत नसे. वर्गातल्या मुलींना मी सांगितलं होतं, मी एकुलती एक आहे.

सहलीच्या चार दिवस आधी शलाकाताईची मैत्रीण असलेल्या, शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्या प्रीतीताईनं मला आत बोलावून एक घडी केलेला कागद दिला. शलाकाताईचं अक्षर. 'ऋजू, रविवारी माझं डोहाळजेवण आहे. इकडचे सगळे खूप करतात, पण माझ्याकडून कुणीच नाही. तू ये ना. तासभर ये.' खाली पत्ता. सहल शुक्रवारी होती. कागद माझ्या कंपासपेटीत होता आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते मी ठरवलं होतं. काहीच नाही. लग्नाची बातमी आली तेव्हा बाबांनी मला जवळ बसवून सांगितलं होतं, "आपण जायचं नाही. चूक तिची आहे. तिला यायचं असेल तर ती येईल." आणि मी मान हलवली होती. बाहेर शंभर जणांपुढे भाषण ठोकणारी मी, बाबांसमोर अजून सातवीतच होते.

सहलीला बूट हवेत म्हणून मी माळ्यावर शोधले, तर पोत्यात तिचे सापडले. आईनं टाकून दिले नव्हते. मी काही विचारलं नाही, आईनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

अर्ध्या वाटेवर मोहाच्या झाडाखाली डबे उघडले. समोर पाण्यावर बदकांचे थवे, एवढे की जुई म्हणाली, "हे मोजायला सांगितलं तर मी शाळा सोडीन." हिमानीनं पैज प्रामाणिकपणे पाळली. तिच्या आईच्या हातची सांबारवडी मी पाच मिनिटांत संपवली, आणि ती बिचारी माझा मेथीचा पराठा कडू चेहऱ्यानं चावत बसली.

उठलो तेव्हा टाचेचा फोड फुटला होता. मी मागे पडले. सर पुढे, मुली त्यांच्यामागे, आणि सगळ्यांच्या शेवटी मी आणि रायवंता मावशी.

"बूट मोठा आहे तुले," त्या म्हणाल्या.

"हो, एक नंबर मोठा आहे."

त्यांनी ऐनाचं एक रुंद पान तोडलं, चारदा घडी घातली आणि माझ्या टाचेमागे सरकवलं. "चाल आता. हळू चाल. घाई नाही."

थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं की माझं तोंड सुरू होतं. "मावशी, सॉरी हं. पायांचं विचारलं ते. पैज होती."

"पाय दाखवायला काय लागते?"

"पण खरंच, तुम्ही उलट्या काहून जाता? आणि ती हाक कुणाला मारली?"

या वेळी कुणाशी पैज नव्हती. त्या काठी टेकत चालत राहिल्या. डाव्या हाताला पाणी चमकत होतं. मला वाटलं, आता त्या पुढे निघून जातील.

"माझी बहीण होती," त्या म्हणाल्या. "पुस्तकला. आम्ही पुस्ती म्हणत होतो. आठ वर्षांची. मी चौदाची."

"म्हणजे माझ्याएवढ्या."

"हाव. तुझ्याएवढी. पण तुझ्यासारखी बोलकी नाही." त्या काठीनं वाटेवरची काटकी बाजूला करत होत्या. "आमच्या गावात लेकरू चालाय लागलं का त्याले एकच शिकवत. जंगलात चुकलं, तर पाणी उजव्या हाताले ठेवायचं अन् चालत राहायचं. घर येतेच. पाणी डाव्या हाताले ठेवून फक्त मढं नेतात. मसणवट त्याच बाजूला आहे, पाहिली ना तुम्ही."

"हो."

"आश्विनचा महिना होता. तलाव काठोकाठ भरला होता. पुस्ती बायांसंगं सीताफळं तोडाले गेली अन् मागं राहिली. बाया घरी आल्या, ते नाही आली. दिवस कलला. सारं गाव निघालं. कंदील घेतले, डफडी घेतली. अन् निघालं कसं? पाणी उजव्या हाताले ठेवून. जसं नेहमी निघते तसं."

"मग?"

"मग काय. ते पण तसंच चालून राहिली होती. जसं शिकवलं होतं तसं. ते पुढं, सारं गाव तिच्या मागं. हाका मारत."

मला ते पटकन कळलं नाही. मी मनातल्या मनात गोल काढला. गोलावर एक ठिपका, त्याच्यामागे खूप ठिपके, सगळे एकाच बाजूनं फिरणारे.

"पण मग ती घरी पोचली असेल ना? गोल फिरून?"

"पोचलीच होती." मावशींचा आवाज तसाच होता, सांडवा म्हणजे काय ते सांगताना सरांचा होता तसा. "सांडव्यापर्यंत आली. तिथून घर दहा मिनिटं. पण सांडवा वाहत होता, छातीएवढा. पूल तर आता झाला. ते पलीकडं बसून राहिली. पाण्याचा आवाज एवढा का तिची हाक इकडं येत नाही अन् इकडची तिकडं जात नाही."

पुढून जुई ओरडली, "ऋजुताऽ, जिवंत आहेस का?" मी नुसता हात हलवला.

"गावातून उलट्या बाजूनं कुणी गेलं असतं तर..." मी म्हणाले.

"मी गेली होती."

त्या थांबल्या. मीही थांबले.

"सारे इकडून निघाले, मले वाटलं आपण तिकडून जावं. समोरून. मी मसणवटीपर्यंत गेली. बाबानं मागून पाहिलं. धावत आला, दंडाले धरलं. म्हणाला, उलटी कायले जातं? मेली का ते? जित्या लेकराच्या नावानं उलटी वाट चालतं?" मावशींनी आपला डावा दंड उजव्या हातानं धरला होता. "बाबा रडून राहिला होता. मी त्याले कधी रडताना पाहिलं नव्हतं. मले वाटलं, बाबा म्हणते तर बरोबरच असन. मी वळली."

पाण्यावरून बदकांचा एक थवा उठला आणि पुन्हा थोड्या अंतरावर बसला.

"सकाळी लोक फिरून सांडव्यावर पोचले. ते खालच्या डोहात होती. अंधारात ओलांडाले गेली असन. खडकावर तीन सीताफळांच्या बिया होत्या. ओळीनं मांडून ठेवलेल्या, खेळतात तशा. म्हणजे बराच वेळ बसली होती. वाट पाहून राहिली होती."

मला ती झाडं आठवली. पुलापलीकडची.

"त्या बिया तुम्ही...?"

"हाव. मीच पुरल्या." त्या पुन्हा चालू लागल्या. "बाबा पुढं दहा वर्षं जगला. मले एकदा म्हणाला, रायवंता, तू माझं ऐकाले नाही पाहिजे होतं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही तसं तेव्हा सांगाले पाहिजे होतं." त्या जराशा हसल्या. ते हसू मला अजून दिसतं. "तेव्हापासून मी उलटीच चालतो. सारं गाव मले उलटी रायवंता म्हणते. म्हणू दे. बाणानं जाणारे तर सारेच आहेत. कुणी पुढं अडकलं असन, तर त्याले समोरून येणारं एक तरी माणूस पाहिजे ना."

आम्ही चाललो. टाचेमागचं पान ओलं झालं होतं.

"तुले आहे का बहीण?" त्यांनी सहज विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

इतकं पटकन म्हणाले की माझं मलाच ऐकू आलं. दीड वर्षाची सवय होती. वाट साग सोडून उघड्या माळावर आली, लांब पाळ दिसायला लागली, पाळीवर बसचं पांढरं टप. मुली धावत सुटल्या. मी शंभर पावलं मोजली. मग आणखी पन्नास.

"आहे," मी म्हणाले.

"अं?"

"बहीण. आहे. शलाका. चोवीस वर्षांची आहे. हे बूट तिचेच आहेत."

मावशींनी माझ्या पायांकडे पाहिलं. "कुठं राहते?"

"गोंदियाला."

"मग जवळच आहे," त्या म्हणाल्या, आणि यापलीकडे त्यांनी एक शब्द विचारला नाही.

पिवळ्या पाटीपाशी सगळे जमले. सरांनी माणसं मोजली, टाळ्या वाजवायला लावल्या, आभाराचं भाषण अर्थातच मला करायला सांगितलं. त्या वर्षात पहिल्यांदा मला भाषण सुचलं नाही. मी म्हणाले, "मावशी, थँक्यू," आणि खाली बसले. हिमानी म्हणाली, "एवढंच? तब्येत बरी आहे ना तुझी?" बसमध्ये सगळ्या भेंड्या खेळल्या. मी खिडकीशी डोकं टेकवून झोपेचं सोंग घेतलं. डोळे मिटले की ओळीनं मांडलेल्या बिया दिसायच्या. उघडले की रस्ता.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई परातीत कणीक मळत होती. बाबा नुकतेच डेपोतून आले होते, अजून वर्दीत होते. माझे बाबा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहेत. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते भोंग्यातून पुकारतात. लहानपणी मी आणि ताई त्यांची नक्कल करायचो. ताई हुबेहूब करायची.

मी दारात बसून बूट काढले. मोजा टाचेला चिकटला होता, ओढला तसं तोंडातून "आई गं" निघालं.

"काय झालं?" बाबा पुढे आले. "फोड आलाय. बूट कसले घातलेस एवढे मोठे? कुणाचे आहेत?"

स्वयंपाकघरात परातीचा आवाज थांबला.

मंचावर उभं राहण्यापूर्वी माझे तळवे नेहमी थंड पडतात. तसे पडले. पण मंचावर निदान समोरची माणसं अनोळखी असतात.

"शलाकाताईचे," मी म्हणाले.

दीड वर्षात ते नाव आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. भिंतींना सुद्धा ते नवीन वाटलं असावं. बाबांनी टोपी काढली, पुन्हा डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. आई कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली, त्या दिवशी टॉवेल घेऊन उभी होती तिथंच.

मी दप्तरातून कंपासपेटी काढली. कागद उलगडून फरशीवर ठेवला, अक्षर त्यांच्या बाजूला करून. बाबांनी वाकून पाहिलं नाही, पण तोंडही फिरवलं नाही. आईनं वाचलं. वाचताना तिचे ओठ हलत होते. 'माझ्याकडून कुणीच नाही' इथं ते थांबले.

"रविवारी डोहाळजेवण आहे तिचं," मी म्हणाले. आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचेल एवढाच होता, पण फुटला नाही. "मी जाणार आहे. सव्वाआठची गोंदिया, फलाट तीन. रोज तुम्हीच पुकारता, बाबा."

"ऋजू." बाबांचा आवाज खूप हळू होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरले होते, आणि मीही त्यांना तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला आणि माझा दंड धरला. जोरात नाही. "आपलं ठरलं होतं ना बेटा? तिला यायचं असेल तर ती येईल. वाट माहीत आहे तिला घराची."

मी त्यांचा हात सोडवला नाही. तो तसाच राहू दिला.

"हो बाबा," मी म्हणाले. "ती येईल तेव्हा येईल. मी समोरून जाते."